लागतील त्याच्या दुप्पट

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव. महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीतून सकाळी एक चक्कर मारली, तर फाटकांवर, विजेच्या खांबांवर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर एकच मजकूर वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेला दिसतो : ‘पाहिजेत. सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, टूलरूम फिटर. अनुभव किमान दोन वर्षे.’ त्याच टपरीपाशी आयटीआयचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली मुलं उभी असतात. मजकूर त्यांनीही वाचलेला असतो. अडतं ते शेवटच्या ओळीपाशी. दोन वर्षांचा अनुभव सगळ्यांना हवा आहे. ती पहिली दोन वर्षं द्यायला मात्र कुणी तयार नाही.

हे प्रकरण त्या दोन वर्षांबद्दल आहे.

आधी मालकाची बाजू ऐकू. दहा मशिनांचं वर्कशॉप आहे असं धरा. मोठ्या कंपनीचं काम आहे, माल वेळेवर पोचला नाही तर पुढची ऑर्डर हातची जाते. अशात त्यानं एक कोरा मुलगा घेतला. पहिले काही महिने त्या मशिनवर उत्पादन कमी निघणार, जॉब रिजेक्ट होणार, चुकीचा ऑफसेट (मशिनला दिलेलं टूलचं माप) पडून टूल जॉबवर आदळणार आणि महागडा इन्सर्ट तुटणार. त्याला शिकवायला सेटर थांबला की सेटरचं स्वतःचं काम थांबणार. वर्ष-दीड वर्षानं मुलगा तयार होतो, आणि समोरच्या गाळ्यातून दोन हजार रुपये जास्तीचा निरोप येतो. मुलगा जातो. त्याचंही चुकत नाही. गावी पैसे पाठवायचे असतात, खोलीचं भाडं वाढलेलं असतं. मालक मात्र मनाशी ठरवतो की पुन्हा कोरा मुलगा घ्यायचा नाही. पाटीवरची शेवटची ओळ इथून येते.

ही कोंडी आपल्याकडची नाही आणि नवीही नाही. इंग्लंडमधले अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९१२ मध्ये ती नोंदवली होती : कामगार आपल्या ताब्यातली वस्तू नसल्यामुळे त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च परत मिळेलच अशी मालकाला खात्री नसते, म्हणून समाजाला जितकं प्रशिक्षण हवं त्यापेक्षा कमीच दिलं जातं. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेच्या गॅरी बेकर यांनी ‘ह्यूमन कॅपिटल’ या पुस्तकात याची बारकाईनं फोड केली. एखाद्या कारखान्यातच उपयोगी पडेल असं कौशल्य असेल, तर मालक त्याचा खर्च आनंदानं करील. पण वेल्डिंग, टर्निंग, टूलमेकिंग ही कौशल्यं कुठल्याही कारखान्यात चालतात. अशा कौशल्याचा खर्च शेवटी शिकणाऱ्यावरच पडतो, कमी पगाराच्या रूपानं. उमेदवारीच्या काळातलं तुटपुंजं विद्यावेतन, त्याआधीच्या काळात उस्तादाच्या हाताखाली झाडू मारत, चहा आणत काढलेली वर्षं, ही सगळी फीच होती.

हिशेब तर्काला धरून आहे, पण जी फी भरण्याची ऐपतच नाही तिचं काय करायचं, हे तो सांगत नाही. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू आहे, तो मुलगा दोन वर्षं अर्ध्या पगारावर कशी काढणार? तो डिलिव्हरीच्या कामाला लागतो, सिक्युरिटीत जातो. तिथे पहिल्या महिन्यापासून पूर्ण पैसे मिळतात. मालक मागे सरतो, मुलगाही मागे सरतो, आणि मध्ये मशीन रिकामं राहतं.

*

इथे थोडं थांबून ज्या कौशल्याबद्दल आपण बोलतो आहोत ते नेमकं काय असतं ते पाहायला हवं. ‘कुशल कामगार’ हा शब्द आपण फार सहज वापरतो.

टूलरूममधलं उदाहरण घेऊ, कारण बाकीची निम्मी कारखानदारी टूलरूमच्या जिवावर उभी असते. घरातला विजेचा स्विच, मोबाइलचं आवरण, गाडीचं दार, कुकरची शिट्टी : यातला प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या डायमधून किंवा साच्यातून आलेला असतो. पत्रा कापायची साधी डाय पाहा. वर पंच, खाली डाय, मधे पत्रा. प्रेस खाली आली की पंच पत्र्यातून आरपार जातो आणि तुकडा खाली पडतो. पंच आणि डाय यांच्यात किंचित फट ठेवावी लागते. एक मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी पत्रा असेल, तर प्रत्येक बाजूला साधारण मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो. फट कमी पडली तर डायची धार लवकर मरते. जास्त झाली तर तुकड्याच्या कडेला बर राहते, म्हणजे ती बोटाला लागणारी धारदार किनार. आणि फट चारही बाजूंनी सारखी हवी.

एवढं आजचं चांगलं मशीन करून देतं. पुढची पायरी अवघड आहे. डायचं पोलाद कठीण करण्यासाठी ते आठशे अंशांच्या वर तापवून विझवावं लागतं, आणि या तापण्या-विझण्यात पोलाद किंचित हलतं. माप बदलतं. म्हणून आधीच थोडा माल राखून ठेवायचा आणि नंतर ग्राइंडिंगमध्ये काढायचा. किती राखायचा? तो पोलादाच्या जातीवर, आकारावर, कुठे जाड आहे नि कुठे पातळ त्यावर ठरतो. पुस्तकात त्याची ढोबळ मर्यादा मिळते. नेमका आकडा टूलमेकर ठरवतो, आणि तो जिथून येतो ती जागा म्हणजे त्यानं आधी बिघडवलेली कामं.

म्हणून फिटरचा ट्रेड शिकायला आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यांत कुणी संगणक दाखवत नाही. त्याच्या हातात कानस देतात आणि वाइसमध्ये पोलादाचा एक ठोकळा. ठोकळ्याची एक बाजू सपाट करायची. मग तिला काटकोनात दुसरी. मुलगा दिवसभर कानस मारतो आणि संध्याकाळी गुण्या लावून ठोकळा उजेडासमोर धरतो. गुण्या आणि पोलाद यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली, की काम अजून व्हायचं आहे. कानस मारताना हात नकळत झोका घेतात, त्यामुळे ठोकळा नेहमी मधे फुगीर आणि कडांना उतरता होतो; ते त्या रेघेत लख्ख दिसतं. त्याहून बारीक तपासणीला सरफेस प्लेटवर निळ्या शाईचा पातळ थर देतात आणि जॉब त्यावर हलकेच फिरवतात. जिथे उंचवटा तिथे निळा ठिपका. तो काढायचा, पुन्हा फिरवायचं.

सीएनसीच्या काळात ही कसरत कशाला, असं बरेच जण विचारतात, आणि काही ठिकाणी हे तास कमीही केले जातात. माझ्या मते ती मोठी चूक आहे. ठोकळ्यावर घालवलेल्या आठवड्यांत मुलाच्या बोटांना शतांश मिलिमीटर म्हणजे काय ते कळतं. उद्या तो स्क्रीनवर ऑफसेटचा आकडा बदलेल, तेव्हा त्या आकड्यामागे त्याला पोलाद दिसेल. कारखान्यात ऑपरेटर आणि सेटर या दोन माणसांत फरक असतो तो हाच. ऑपरेटर जॉब लावतो, दार बंद करतो, सायकल स्टार्ट दाबतो. जॉब मापाबाहेर जाऊ लागला की तो सेटरला हाक मारतो. सेटर आवाज ऐकतो, चिपचा रंग पाहतो, टूलची धार बोटानं चाचपतो आणि सांगतो काय झालंय. पाटीवर ज्याची खरी टंचाई असते तो सेटर. आणि ऑपरेटरचा सेटर करण्याचं काम आपल्या बहुतेक कारखान्यांत कुणाकडेही सोपवलेलं नसतं. ज्याला स्वतःला ओढ आहे तो रात्रपाळीत सेटरच्या मागे उभा राहून शिकतो. बाकीचे वर्षानुवर्षं बटण दाबत राहतात.

*

आता एका अशा जागेची गोष्ट, जिथे ही कोंडी सरकारनं समोर बसून सोडवली. आणि तिच्या पहिल्याच पानावर एका भारतीय उद्योगसमूहाचं नाव आहे.

सिंगापूर ऑगस्ट १९६५ मध्ये स्वतंत्र झालं तेव्हा त्याची लोकसंख्या वीस लाखांच्याही आत होती. ना शेती, ना खनिजं; पिण्याच्या पाण्यासाठीही मोठ्या प्रमाणात शेजारच्या मलेशियावर भिस्त. जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटननं जाहीर केलं, की तिथले आपले लष्करी तळ १९७१ पर्यंत आवरते घेणार. देशाच्या उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा या तळांवर अवलंबून होता आणि हजारो स्थानिक माणसं तिथे कामाला होती. सेंबावांगच्या आरमारी गोदीचं लगोलग नागरी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात रूपांतर झालं. पण एका गोदीनं भागणार नव्हतं.

आर्थिक विकास मंडळ १९६१ मध्येच स्थापन झालेलं होतं. त्याचे अधिकारी युरोप-अमेरिकेत कंपन्यांची दारं ठोठावत होते. कंपन्या यायच्या त्या साधी कामं घेऊन : कपडे शिवणं, केसांचे टोप बनवणं, सुटे भाग जोडणं. त्यातून पोट भरत होतं. अचूक यंत्रकामाची कंपनी मात्र पहिला प्रश्न विचारायची : तुमच्याकडे टूलमेकर किती आहेत? हे व्यापाऱ्यांचं बंदर होतं; टूलमेकर जवळपास नव्हतेच. आणि गावात तसा कारखानाच नसताना तरुणांनी ते काम शिकायचं तरी कशासाठी?

मंडळानं यावर काढलेला तोडगा १९७२ मध्ये प्रत्यक्षात आला, आणि त्याचं नाव होतं टाटा-गव्हर्न्मेंट ट्रेनिंग सेंटर. जमीन आणि इमारत सरकारची. यंत्रसामग्रीत सरकारचा हातभार, चालू खर्चाचाही मोठा वाटा सरकारचा. शिकवण्याची पद्धत, अभ्यासक्रम आणि शिस्त टाटांची. या सगळ्याच्या बदल्यात अट एकच : कंपनीला स्वतःसाठी जितकी माणसं लागतील, त्याच्या दुप्पट तिनं शिकवायची. निम्मी कंपनीची. उरलेली निम्मी देशाची. अजून न आलेल्या कारखान्यांसाठी.

भोसरीतल्या मालकाची भीती पुन्हा आठवा. शिकवलेला मुलगा शेजारी जाईल. सिंगापूरच्या करारात तो जाणारच आहे हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, आणि तो जाईल म्हणूनच त्याचा खर्च सरकारनं उचलला होता. शिकणाऱ्यालाही मोकळं सोडलेलं नव्हतं. त्याला विद्यावेतन मिळे आणि शिक्षणानंतर ठरावीक काळ नेमून दिलेल्या जागी काम करण्याचा करार त्याच्याकडून लिहून घेतला जाई. कडक व्यवस्था होती. ज्या देशात कामगार संघटनांना फारसा आवाज उरला नव्हता तिथे ती राबवणं सोपंही होतं, आणि हे झाकून तिचं कौतुक करणं बरोबर नाही. पण खर्च कुणी करायचा या प्रश्नाचं तिनं दिलेलं उत्तर आजही पक्कं वाटतं.

मंडळानं टाटांकडेच का जावं? कारण कोऱ्या माणसाला कारखान्यासाठी तयार करण्याचं काम टाटांच्या कारखान्यांत दोन पिढ्या चाललेलं होतं. जमशेदपूरला पोलादाची पहिली लगड १९१२ मध्ये ओतली गेली तेव्हा भट्ट्यांवरच्या मोक्याच्या जागांवर परदेशी माणसं होती, मोठ्या पगारांवर आणि ठरावीक वर्षांच्या करारांवर. त्यांच्या जागी इथली माणसं उभी करायची, तर ती आधी शिकवावी लागणार होती. म्हणून १९२१ मध्ये जमशेदपूर टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पुढे टाटांच्याच टेल्को या कंपनीनं १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून ट्रक बनवायला घेतले, आणि त्या काळात जर्मन पद्धतीची शिस्त शॉपमध्ये मुरली.

त्यानंतरचा टप्पा आपल्या घरचा आहे. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांनी १९६६ मध्ये पुण्याजवळच्या माळावर कंपनीचं काम सुरू केलं. तिथून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं काय चाललं होतं? झाडं लावली जात होती, मशीन टूल्स आणि डाय घडवल्या जात होत्या, आणि आसपासची मुलं उमेदवार म्हणून घेऊन त्यांच्या हातात कानस दिली जात होती. ट्रक बनवायच्या आधी ट्रक बनवणारी यंत्रं, आणि यंत्रांच्या आधी माणसं, असा तो क्रम होता. पिंपरी-चिंचवडच्या छोट्या वर्कशॉपांच्या मालकांना विचारलं, तर ‘मी टेल्कोचा अप्रेंटिस’ असं अभिमानानं सांगणारे आजही भेटतात. ते टेल्को सोडून गेले होते. म्हणजे एका कंपनीनं शिकवलेली माणसं शहरभर पसरली, आणि त्यातूनच त्या कंपनीला लागणारे पुरवठादार उभे राहिले. सिंगापूरला जे करारानं घडवावं लागलं, त्याचा काही भाग इथे आपोआप घडला होता.

सिंगापूरमध्ये टाटांच्या पाठोपाठ १९७३ मध्ये जर्मनीच्या रोलाय या कॅमेरा कंपनीबरोबर दुसरं केंद्र निघालं आणि १९७५ मध्ये फिलिप्सबरोबर तिसरं. यातली रोलायची कहाणी सांगायलाच हवी. ब्राउनश्वाइगची ही नावाजलेली कंपनी. जर्मनीतली मजुरी परवडेना म्हणून तिनं आपलं बरंचसं उत्पादन सिंगापूरला आणलं, आणि हजारो स्थानिक माणसं भिंगं घासायला, शटरची नाजूक यंत्रणा जोडायला, डाय बनवायला शिकली. पण जपानी कॅमेऱ्यांपुढे तिचा टिकाव लागला नाही. १९८१ मध्ये रोलायचं दिवाळं निघालं आणि सिंगापूरचा कारखाना बंद पडला.

कारखाना बंद पडणं म्हणजे काय, हे मुंबईच्या गिरणगावानं पाहिलेलं आहे. त्यामुळे या बातमीकडे मी हलकेपणानं पाहू शकत नाही. तरीही पुढचं वेगळं घडलं. पुढच्याच वर्षी सीगेट ही कंपनी हार्ड डिस्क बनवायला सिंगापूरला आली. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या चकतीवरून वाचणारं टोक चकतीला न टेकता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावरून तरंगतं. तिचे सुटे भाग घडवायला अचूक डाय लागतात आणि त्या घडवणारे हात लागतात. ते हात गावात तयार होते. कॅमेऱ्याच्या शटरवर आणि टाटांच्या केंद्रातल्या सरफेस प्लेटवर ते तयार झाले होते. ते दशक संपेपर्यंत सिंगापूर हार्ड डिस्क बनवणारा जगातला सगळ्यात मोठा देश झालेला होता. ‘देशाची निम्मी’ म्हणून जी माणसं शिकवली, ती कुठल्या कामाला येतील हे १९७२ मध्ये कुणालाच सांगता आलं नसतं. हार्ड डिस्कचा कारखाना तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

१९७९ मध्ये सिंगापूरनं आणखी एक पाऊल टाकलं. कौशल्य विकास निधी उभारला आणि त्यासाठी मालकांवर कर बसवला, पण सरसकट सगळ्या पगारांवर नाही. महिना ७५० डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्या कामगारांपुरता. अर्थ उघड होता : माणूस अडाणी आणि स्वस्त ठेवलात तर पैसे भरा, शिकवलात तर याच निधीतून खर्च परत घ्या. मग लक्षात आलं, की शिकवायचं म्हटलं तरी पुष्कळ कामगारांना सूचनाच वाचता येत नाहीत, साधी अपूर्णांकांची बेरीज येत नाही. म्हणून १९८३ मध्ये मोठ्या वयाच्या कामगारांसाठी भाषा आणि गणिताचे प्राथमिक वर्ग निघाले. आपल्याकडे हा भाग नेहमी राहून जातो. मशिनच्या पॅनेलवर अलार्मचा संदेश इंग्रजीत झळकतो, आणि समोरचा हुशार मुलगा तो चित्रासारखा पाठ करतो : हा लांब शब्द आला की हे बटण, तो आखूड शब्द आला की ते. शब्द बदलला की तो थांबतो. त्याच्या हातात काहीच उणं नसतं. तीन महिने संध्याकाळी कुणी त्याला ते वाचायला शिकवलं असतं, तर तो सेटर झाला असता.

*

मलेशियाच्या पेनांग बेटावर हेच कोडं वेगळ्या रीतीनं सुटलं. १९६९ च्या सुमारास तिथली बेकारी पंधरा टक्क्यांच्या आसपास होती. मुक्त बंदराचा दर्जा गेल्यामुळे व्यापार आटला होता. त्या वर्षी मुख्यमंत्री झालेले लिम चाँग यू पेशानं डॉक्टर. त्यांनी बायान लेपासच्या भातखाचरांत मुक्त व्यापार क्षेत्र उभारलं आणि १९७२ मध्ये इंटेलनं अमेरिकेबाहेरचा आपला पहिला कारखाना तिथे काढला. काम होतं चिप जोडण्याचं. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यापासून बाहेरच्या पायांपर्यंत सोन्याची तार टाकायची, केसाहून बारीक, आणि तीही सूक्ष्मदर्शकात डोळे घालून, हातानं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली हे काम पाळ्यापाळ्यांनी करत.

ऐंशीच्या दशकात ती तार टाकायला यंत्रं आली. एक बाई आता बरीच यंत्रं सांभाळू लागली. पण यंत्र थांबलं की ते का थांबलं हे सांगणारा तंत्रज्ञ हवा होता. हवेचा दाब कमी पडला, मोटर सरकली, की तापमान चुकलं? असे तंत्रज्ञ थोडे, आणि प्रत्येक कंपनी ते दुसरीकडून पळवायची. पळवापळवीनं पगार वाढत होते, तंत्रज्ञांची संख्या जिथल्या तिथे. अखेर १९८९ मध्ये एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी राज्य सरकारच्या मदतीनं एकत्र येऊन पेनांग स्किल्स डेव्हलपमेंट सेंटर काढलं. जागा सरकारी, यंत्रं कंपन्यांनी दिलेली, काय शिकवायचं ते ठरवणारेही कंपन्यांचेच लोक. सगळ्यांनी मिळून शिकवलं तर कुणी कुणाचा माणूस नेला यावर भांडायचं कारण उरत नाही, हा त्यामागचा साधा व्यवहार. १९९३ पासून देशभर वेतनाच्या एक टक्का प्रशिक्षण-कर लागू झाला आणि या खर्चाला कायमचा आधार मिळाला.

आज जगातल्या चिप जोडणी-तपासणीच्या कामातला सुमारे तेरा टक्के वाटा मलेशियाचा आहे. मात्र चिपची रचना करण्याच्या वरच्या पायरीवर देश तितक्या वेगानं चढला नाही, चांगले अभियंते सिंगापूरला जात राहिले, आणि तळाच्या कामाला नेपाळ-बांगलादेशातून माणसं आणणं मालकांना स्वस्त पडू लागलं. बाहेरून तयार, स्वस्त हात मिळत असले की घरच्या माणसाला शिकवण्याची निकड संपते. पेनांगच्या यशाइतकीच ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

*

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. आजच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत. २०१६ पासून विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देतं. कागदावर हे सिंगापूरपेक्षा फार मागे नाही.

फरक शॉपमध्ये पडतो. किती तरी ठिकाणी उमेदवार म्हणजे कमी पैशांतला कामगार. त्याला पहिल्या आठवड्यात एका मशिनवर उभं करतात, वर्षभर तोच जॉब तो लावतो-काढतो, आणि मुदत संपली की पुढची तुकडी येते. प्रमाणपत्रावर वर्ष लिहिलं जातं. शिकलेलं असतं ते एका दिवसाचं. मला हे फार टोचतं. एका तरुणाचं शिकण्याच्या वयातलं वर्ष, ज्याची फी त्यानं अर्ध्या पगारानं आधीच भरलेली आहे, ते कुणी तरी काढून घेतलेलं असतं. जर्मनीत १९६९ चा कायदा या जागी नेमकं बोट ठेवतो. उमेदवारानं कारखान्यात काय काय शिकायचं याचा आराखडा ठरलेला असतो, शिकवणाऱ्याची स्वतःची पात्रता तपासलेली असते, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा असते, आणि शेवटची परीक्षा मालक घेत नाही, उद्योगांचं मंडळ घेतं. मालकाला उमेदवाराकडून काम मिळतं, पण त्याला शिकवल्यावाचून सुटका नसते.

शिकवण्याचा हाच प्रश्न आता आसाममध्ये उभा आहे. तिथल्या मोरीगाव जिल्ह्यात जागीरोड नावाचं गाव आहे. तिथे सरकारी कंपनीची मोठी कागद गिरणी होती. २०१७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि कामगार-वसाहतीतली माणसं थकलेल्या पगारांसाठी वर्षानुवर्षं दारोदार फिरली. त्याच जमिनीवर टाटा इलेक्ट्रॉनिक्सचा चिप जोडणी-तपासणीचा कारखाना उभारण्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. गुंतवणूक २७,००० कोटींची. काम जातकुळीनं पेनांगसारखंच. फक्त तार टाकणारे हात आता यंत्राचे आहेत, त्यामुळे सुरुवातच पेनांगच्या १९८९ पासून करावी लागणार आहे.

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली मुलं-मुली पांढरे झगे घालून तिथल्या स्वच्छ कक्षांत जातील. यंत्रांच्या रांगा चालू असतील. रात्री दोन वाजता त्यातलं एक यंत्र थांबेल आणि पडद्यावर संदेश येईल. त्यासमोर गावातली जी मुलगी उभी असेल, तिनं बेंगळुरूहून किंवा पेनांगहून आलेल्या माणसाला फोन लावायचा, की स्वतः झाकण उघडून हात घालायचा, ते त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी ठरलेलं असेल.